पिशवी दारात ठेवायची सवय

कापडाच्या दुकानात शिरले की मी आधी पिशवी कुठे ठेवायची ते बघते. बार्शीला मोठ्या दुकानाच्या दारात एक माणूस बसलेला असायचा. तो पिशवी ठेवून घ्यायचा, पत्र्याचा बिल्ला हातात द्यायचा आणि मग आपण मोकळ्या हातांनी आत जायचं. हात मोकळे असले की कोणी संशय घेत नाही. अमेरिकेत दारात कोणीच बसत नाही. बायका भल्यामोठ्या पर्स खांद्याला लावून आत फिरतात. मला मात्र वाटत राहतं की माझ्याच पिशवीकडे कोणीतरी बघतंय. या सवयीपायी माझ्या हातून एकदा जे झालं ते लिहून ठेवते आहे. माझी मुलगी रोहिणी म्हणाली, मनात घोळवत बसण्यापेक्षा वहीत उतरव. वही कोणी वाचायची नाही, असं तिच्याकडून आधी कबूल करून घेतलं.

मी गोधड्या शिवते. बार्शीत पंचवीस वर्षं शिवल्या. रोहिणीने इथे राहायचे माझे कागद करून दिले, तेव्हापासून इथे शिवते. राहते तिच्याकडे, प्लेनोला. पण मराठी घरांतून बोलावणं येतं तसं त्या त्या गावी जाते, पंधरा दिवस, महिना राहते, शिवते आणि परत येते. बोलावणारे लोक विमानात बसवतात आणि पलीकडे उतरवून घेतात. मधले तास मी तिकिटाचा कागद मुठीत धरून बसते.

गोधडीला नवं कापड लागत नाही. जुन्या साड्या, धोतरं, चादरी जमिनीवर एकावर एक अंथरायच्या. वरची आणि खालची चांगली घ्यायची, मधली फाटकी असली तरी चालते. मग काठापासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत यायचं. शिवणारी त्या गोधडीवरच बसलेली असते, म्हणून कापड सरकत नाही. एवढंच आहे. हात बसायला मात्र दहा वर्षं लागतात.

इथल्या बायकाही गोधड्या शिवतात. त्या कशा शिवतात ते प्लेनोच्या दुकानात पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बघतच राहिले. त्या ठाणावरचं नवं कोरं कापड विकत घेतात आणि त्याचे तुकडे करतात. पिझ्झा कापायचं असतं तसं एक धारदार चाक असतं, ते पट्टीला लावून फिरवतात. मग तेच तुकडे पुन्हा जोडतात. धडधाकट कापड आधी कापायचं आणि मग जोडायचं, हे मला अजून पुरतं पटलेलं नाही. पण त्यांच्या शिवणीचे कोपरे इतके नेमके जुळलेले असतात की बघून गप्प बसावं लागतं.

मला या दुकानांत लागतं ते थोडंच. दोऱ्याची रिळं, मोठ्या नेढ्याच्या सुया, बोटात घालायची टोपी, कधी अस्तराला साधं सुती कापड. तेवढ्यासाठीही दारात पाय अडखळतो. यार्ड म्हणजे आपला वार, हा एकच शब्द ओळखीचा निघाला. बाकी कापणारी बाई काही बोलली की मी बोटं दाखवते आणि येस म्हणते. कशाला येस म्हटलं ते घरी गेल्यावर कळतं.

एकदा अस्तर घेतलं आणि ते सुती आहे का याची शंका आली. आमच्याकडे एक धागा काढून जाळून बघतात. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, मिसळीचा असेल तर वितळून गोळा होतो. दुकानाबाहेर गाड्या लावतात तिथे मी काडी ओढली.

"आई, विझव ते," रोहिणी गाडीतून धावत आली. "कोणी पोलिसांना फोन करेल."

"हे बघ, वितळलं. सुती म्हणून दिलं होतं."

"अगं, लेबलवर लिहिलेलं असतं."

"लेबल मला कुठे वाचता येतं? धागा वाचता येतो."

ती हसली, पण तिने काडेपेटी काढून घेतली. पुढचे दोन दिवस बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला की मी पडद्याआडून बघत होते.

गिऱ्हाईकंही इथे वेगळीच भेटतात. शॉमबर्गला एक मुलगा कंपन्यांनी दिलेले टी-शर्ट घेऊन आला. म्हणाला, "मावशी, हे माझं सगळं करिअर आहे, याची गोधडी करा." टी-शर्टचं कापड ताणतं, त्यावर धावदोरा सरळ जात नाही, म्हणून मी नको म्हणत होते. त्याने त्यातला एक निळा बाजूला काढला. "आणि हा पायाकडे लावा. यांनी मला काढून टाकलं होतं." मग मला नाही म्हणवेना. निळा पायाकडे लावला.

आता जे लिहायचं ते लिहिते.

दोन वर्षांपूर्वी थंडी संपत आली तेव्हा श्रूजबरीहून केतकीचा फोन आला. ती नागपूरची. नवरा सुमेध, दोघंही संगणकाच्या नोकरीत. तिला आठवा लागत होता. आपल्याकडे तान्ह्या बाळाला पहिले दिवस नवं कापड लावत नाहीत, वापरून मऊ झालेल्या जुन्या कापडात गुंडाळतात. तसं दुपटं तिला हवं होतं, तिच्या आईच्या साड्यांचं. आईला व्हिसा मिळत नव्हता. नागपूरहून शिकायला आलेल्या एका मुलीबरोबर आईने दोन साड्या पाठवल्या होत्या, एक जांभळी आणि एक फिकी पिवळी, बारीक लाल काठाची.

मी पोचले त्याच दिवशी केतकीच्या आईने, कुंदाताईंनी, फोनवर व्हिडिओ लावून मला एकटीला बाजूला घेतलं.

"ताई, तिला नवं काही दाखवू नका बरं. मागल्या वेळी तिने पाळण्यापासून सगळं आणून ठेवलं होतं. खोली भरून राहिली होती. अन् सातव्यात सगळं संपलं. आता ती रात्रंदिवस घाबरून राहिली आहे. माझ्याच्यानं तर येणं होत नाही. माझी साडी तेवढी तिच्याजवळ राहू द्या."

मला राहायला दिली होती ती तीच खोली. भिंतीवर हत्तीचं चित्र चिकटवलेलं असावं. ते खरवडून काढलं होतं, सोंड तेवढी राहिली होती. मी त्या भिंतीकडे पाठ करून शिवायला बसायची.

केतकी कामावरून उठून मध्ये मध्ये यायची आणि पिवळी साडी मांडीवर घेऊन बसायची. नाकाला लावायची. "आईच्या कपाटाचा वास येतो, मावशी," म्हणायची. पदराला एका जागी रफू होतं, त्यावर अंगठा फिरवत राहायची. बाळ हललं नाही असं वाटलं की ती साडी पोटावर पसरून वाट बघायची. हललं की माझ्याकडे बघून मान हलवायची, आणि मी पुन्हा सुई उचलायची.

माझा पांढरा दोरा चौथ्या दिवशी संपला. लाल काठाशी जुळणारा दोराही हवा होता. सुमेधने मला दुकानात नेलं. रंग जुळवायचा म्हणून मी पिवळी साडी कापडी पिशवीत घालून बरोबर घेतली होती.

"मावशी, माझा कॉल आहे, दहा मिनिटं. मी कारमध्येच बसतो. तुम्ही जाऊन येता का?"

मी येते म्हणाले. नाही म्हणायचं मला जमत नाही, मराठीतसुद्धा.

दार ढकललं तर वर घंटा वाजली आणि दोन बायकांनी माझ्याकडे बघितलं. दाराशेजारी वेताची मोठी टोपली होती. तिच्यात कापडाच्या चार-पाच पिशव्या ठेवलेल्या दिसल्या. टोपलीवर कागद चिकटवलेला होता, इंग्रजीत काही लिहिलेला. मला एकदम हायसं वाटलं. या गावात आपल्यासारखी पद्धत आहे, मी मनात म्हटलं. साडीच्या काठातून एक लाल आणि अंगातून एक पिवळा धागा ओढून बोटाला गुंडाळला, पिशवी टोपलीत ठेवली आणि मोकळ्या हातांनी आत गेले. बिल्ला द्यायला कोणी नव्हतं, एवढं मात्र खटकलं होतं.

दोऱ्यांच्या रिळांची भिंतच होती. बोटावरचा लाल धागा एकेका रिळाला लावून बघत मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पैसे देऊन दाराशी आले तर टोपली रिकामी.

तळाशी एक सुटी चिंधी होती. बाकी काही नाही.

मी टोपलीत हात घालून फिरवला. हात घातला म्हणजे आतली पिशवी सापडेल असं वाटलं असेल. गल्ल्यावरची बाई काहीतरी बोलली, आवाज गोड होता, शेवट प्रश्नासारखा होता. मी येस म्हणाले. ती हसली आणि हात हलवला. मी बाहेर पडले. घंटा पुन्हा वाजली. पलीकडे एक पांढरी गाडी वळण घेऊन रस्त्याला लागत होती. पिशव्या त्या गाडीत आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"मिळाला दोरा?" सुमेधने विचारलं.

"मिळाला."

हे एकच उत्तर मला आयुष्यभर टोचणार आहे. तिथल्या तिथे सांगितलं असतं तर पाच मिनिटांत साडी हातात आली असती. पण तोंड उघडेना. साडी हरवली हे केतकीला कळलं आणि तिने धसका घेतला, मग बाळाला काही झालं, तर ते माझ्या हातून झालं असं होणार होतं. म्हणून गप्प बसले. गप्प बसल्याने साडी परत येणार नाही हेही कळत होतं. तरी आठ दिवस गप्प बसले.

आधी जांभळीचं करून घेते, पिवळी सगळ्यात शेवटी वर लावायची, असं केतकीला सांगितलं. ती दारात यायची आणि विचारायची, "मावशी, पिवळी देता जरा?" मी कधी घडी घालून ठेवली म्हणायची, कधी टाचण्या लावल्यात, टोचतील म्हणायची. तिने एकदा नुसतं माझ्याकडे बघितलं. मग तिने मागणं सोडलं. ते जास्त वाईट होतं. जेवण जाईना. शिवताना टाके वाकडे पडायचे, मी ते उसवून पुन्हा घालायची. बोटाला गुंडाळलेले दोन धागे कागदात घालून उशीखाली ठेवले होते.

साडी गेल्याच्या नवव्या दिवशी सकाळी केतकी पोटावर हात ठेवून स्वयंपाकघरात उभी होती. "सकाळपासून हललं नाही," म्हणाली. सुमेधने डॉक्टरांना फोन लावला. बर्फाचं पाणी पिऊन कुशीवर पडा, असं त्यांनी सांगितलं. ती पडली आणि मला म्हणाली, "पिवळी द्या, मावशी."

मी खोलीत गेले. देणार काय? जांभळीच घेऊन आले आणि तिच्या पोटावर पसरली. मी तिथेच उभी राहिले, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा." थोड्या वेळाने बाळ हललं. तिने डोळे मिटले. मी उठले आणि सुमेध गाडीकडे निघाला होता तिथे चपला न घालता गेले.

"सुमेध, ती पिवळी साडी मी हरवली. दुकानात. आठ दिवस झाले."

त्याने उघडं धरलेलं गाडीचं दार तसंच राहिलं. "आठ दिवस?"

"पिशवी दारातल्या टोपलीत ठेवली होती. आपल्याकडे ठेवतात तशी."

त्याने माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "केतकीला आत्ता काही बोलू नका. पायात काहीतरी घाला, मावशी. थंडी आहे."

दुकानात त्याने टोपलीवरचा कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. ती टोपली दानाच्या कापडासाठी होती. वेळेआधी जन्मलेली, मुठीएवढी बाळं इस्पितळात ठेवतात, त्यांच्यासाठी छोट्या गोधड्या शिवायला लोक कापड देतात. चर्चच्या तळघरात दर आठवड्याला बायका जमतात आणि शिवतात. आजच जमल्या होत्या.

तळघरात लांब टेबलं होती आणि म्हाताऱ्या बायका यंत्रांवर वाकलेल्या होत्या. सुमेध बोलू लागला तशा सगळ्या थांबल्या. डोरिस नावाच्या एक आजीबाई पुढे आल्या. मी कागदातले दोन धागे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते चष्म्याजवळ धरले आणि त्यांचा चेहरा उतरला. कपाटातून त्यांनी माझी पिशवी आणली. आत पिवळ्या चौकोनांची चळत होती, सगळे एका मापाचे, कडा सुरीसारख्या. लाल काठाची पट्टी वेगळी गुंडाळून ठेवली होती. फेकली नव्हती.

"मावशी, त्या म्हणतात कापड आधी धुतलं, इस्पितळासाठी धुवावंच लागतं," सुमेध सांगत होता. "पदराच्या तुकड्यांची एक गोधडी झाली. ती परवाच गेली. एका बाळाला घातली असेल. आता परत नाही मागता येणार." डोरिसबाई आणखी काही बोलल्या. "त्या खूप सॉरी म्हणताहेत. आणि विचारताहेत, इतकं मऊ कापड कुठल्या दुकानात मिळतं?"

"म्हणावं, दुकानात नाही मिळत. तीस वर्षं नेसावं लागतं."

त्याने सांगितलं. डोरिसबाईंनी माझा हात धरला. त्यांच्या बोटांना माझ्यासारखेच सुईचे घट्टे होते. त्या पुन्हा पुन्हा काहीतरी म्हणत होत्या. या खेपेला मी येस म्हणाले नाही, नुसती उभी राहिले.

केतकीला मीच सांगितलं. सुमेध मी सांगतो म्हणत होता. तिने चळतीतला एक चौकोन उचलला, नाकाला लावला आणि खाली ठेवला. वास नव्हता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे याच कापडात तिकडे एक आजारी बाळ आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याचं काही झालं तर? मला हे नको. माझ्या बाळाला नका लावू हे."

मला वाटत होतं तेच तिने बोलून दाखवलं होतं. मलाही ते तुकडे हातात धरवत नव्हते. सुमेध म्हणाला, "यार केतकी, असं काही नसतं." तिने त्याच्याकडे बघितलं नाही. शेवटी त्याने नागपूरला फोन लावला आणि मी कुंदाताईंना सगळं सांगितलं, आठ दिवसांच्या गप्प बसण्यासकट. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती.

त्या म्हणाल्या, "धुतली म्हणता? अहो ताई, मी तर पाठवायच्या आधी दोनदा धुतली होती. वास कपाटातल्या कापराचा असेल." मग म्हणाल्या, "केतू, इकडे बघ. तुझ्या बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा महिनाभर तीच साडी नेसून मी त्यांच्या उशाशी बसली होती. ते रफू खाटेच्या खिळ्याने फाटलं तेव्हाचं आहे. आजारपण त्या साडीने आधीच पाहिलं आहे. बाबा घरी आलेलेही पाहिले. काहीच पाहिलं नाही असं कापड हवं असेल तर दुकानातून नवं आण ना."

फोन बंद झाल्यावरही केतकी तशीच बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीत आली, चळत माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "शिवण बाळाला टोचणार नाही ना?"

मी आयुष्यात तुकडे कधी जोडले नव्हते. डोरिसबाईंचं काम इतकं नेमकं होतं की चौकोन आपोआप जुळत गेले. दुमडलेल्या कडा सगळ्या आत घेतल्या, जांभळीच्या बाजूला, आणि हाताने दाबून दाबून चपट्या केल्या. पदराची जागा रिकामी राहत होती, तिथे लाल काठाची पट्टी आडवी लावली. केतकी रोज येऊन बसायची. पण पोटावर ओढून घ्यायची नाही, नुसती बघायची. माझ्यावर तिचा आधीसारखा विश्वास राहिला नव्हता. तेही बरोबरच होतं. टाचण्या लावल्यात असं मी म्हणाले होते ते तिला आठवत असणार.

दुपटं पुरं करून मी प्लेनोला परत आले. पुढचा महिना कसा गेला ते लिहवत नाही. फोन वाजला की मी रोहिणीला उचलायला लावायची. एके दिवशी ती फोन घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मुलगी झाली, आई. दोघी ठीक आहेत." फोटो दाखवला. पिवळे चौकोन, कडेला लाल पट्टी, मध्ये लालबुंद तोंड.

त्या मुलीचे फोटो अजून येतात. आता ती चालते, दुपटं ओढत घरभर फिरते, केतकीशी इंग्रजीत भांडते. मी अजून दुकानांत जाते. पिशवी छातीशी धरते, आणि दाराशी टोपली दिसली की वळसा घालून पुढे जाते.

पदराचं रफू गेलं ते मात्र दुसऱ्या बाळाकडे. ते वाचलं का, घरी गेलं का, त्याची आई त्या रफूवर अंगठा फिरवते का, मला कोणी कळवणार नाही. सुमेधला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, इस्पितळवाले असं सांगत नाहीत, मावशी. तेही आता दोन वर्षांचं होत आलं असेल. असेल तर. त्याचं नाव मला माहीत नाही. म्हणून सकाळी देवापुढे हात जोडले की मी केतकीच्या मुलीचं नाव घेते, आणि मग म्हणते, त्याच साडीतलं दुसरं.